पिल्लाची मंदावलेली भूक

पिल्लाने खाण्याच्या भांड्याकडे पाठ फिरवली की बहुतेक घरांत पहिला दिवस मनधरणीत जातो. दूध-पोळी नको तर बिस्कीट, बिस्कीट नको तर पनीर, असे एकेक पुढे करत घरची माणसे वाट पाहतात आणि भूक लागली की खाईल, अशी एकमेकांची समजूत घालतात. धडधाकट मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही समजूत एखादा दिवस निभावून जाते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र ती जिवावर बेतू शकते, कारण त्याच्या यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, फारच थोडी असते आणि काही तासांच्या उपासानेही, विशेषतः लहान चणीच्या जातींत, रक्तातील साखर उतरून पिल्लू लटपटू लागते.

सर्वांत मोठी भीती पार्व्होची. 1978 च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर, हल्ला करतो. त्यामुळे जुलाबावाटे शरीरातील पाणी जाते आणि त्याच वेळी संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. उलट्या आणि रक्तमिश्रित, उग्र दुर्गंधीचे जुलाब सुरू होण्याआधी पिल्लू बहुधा फक्त मलूल होते आणि खाणे सोडते, आणि नेमका हाच मोलाचा वेळ मनधरणीत वाया जातो.

अशा वेळी अन्नाआधी पिल्लाच्या अंगातील पाणी तपासावे. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबली असता पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा, आणि मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली की ती लगेच जागेवर बसायला हवी. हिरडी चिकट, कोरडी वा फिकट असेल, कातडी सावकाश बसत असेल, किंवा उलटी-जुलाब सुरू असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. सिरिंजने दूध वा पेज बळेबळे तोंडात सोडू नये, कारण ती श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो. माणसांच्या तापाच्या आणि वेदनाशामक गोळ्या तर कुत्र्यांना विषासमान ठरू शकतात.

प्रत्येक वेळी कारण इतके गंभीर असतेच असे नाही. जंतांचा संसर्ग आईच्या पोटातूनच होऊ शकत असल्याने घराबाहेर न पडलेल्या पिल्लालाही जंतनाशक द्यावे लागते; दात बदलण्याच्या वयात हिरड्या ठणकतात; नव्या घरात आल्यावर पिल्लू बावरते आणि त्यातच आहारही बदलला, तर त्याचे पोट बिघडते. पिल्लू खेळते, पाणी पिते, शी-शू नीट करते, एवढे दिसत असेल तर कांदा, लसूण आणि मसाला न घालता उकडलेले बिनहाडाचे चिकन मऊ भातात कालवून, कोमट असतानाच, थोडे थोडे पुढे ठेवावे. कोमट अन्नाचा वास अधिक येतो आणि कुत्र्याची भूक वासाने चाळवते. तरीही संपूर्ण दिवस अन्न नाकारले गेले, तर पिल्लू वरकरणी ठीक दिसले तरी पशुवैद्याकडे नेलेच पाहिजे, आणि तीन महिन्यांहून लहान पिल्लासाठी तर एवढेही थांबू नये. जाताना लसीकरणाचे कार्ड आणि ताज्या शीचा नमुना सोबत घ्यावा, आणि पिल्लाने शेवटचे केव्हा खाल्ले, केव्हा पाणी प्यायले व केव्हा लघवी केली, हे डॉक्टरांना आधी सांगावे.