चालत्या यंत्रावरील पहारा

खानदेशातून वाहत गेलेली तापी नदी सुरतेच्या पुढे जेथे समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर हजीरा वसलेले आहे. वसईसमोरील समुद्रात, म्हणजे महाराष्ट्राच्याच किनाऱ्यापुढे, निघणारा नैसर्गिक वायू समुद्रतळावरील दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळातून येथे आणण्यात येतो. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या कारखान्यात त्याचे शुद्धीकरण होते. पुढे हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीतून तो उत्तर भारतातील खत कारखान्यांकडे व वीज केंद्रांकडे जातो. ही वाहिनी उभारण्याचे काम १९८४ साली स्थापन झालेल्या 'गेल' या सरकारी कंपनीकडे सोपविण्यात आले होते. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या युरियाच्या गोणीमागे असा हा लांबचा प्रवास असतो.

समुद्रातून येणाऱ्या या वायूत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढणे हे हजीरा येथील मुख्य काम होय. या विषाचा एक गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. अल्प प्रमाणात असताना त्याला नासक्या अंड्यांची दुर्गंधी येते. पण हवेतील प्रमाण दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग इतके झाले की काही मिनिटांतच माणसाची वासाची जाणीव बधिर होते. दुर्गंधी थांबली म्हणून धोका टळला असे ज्याला वाटते, तोच सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. जो बिघाड पकडावयाचा, त्यानेच पहारेकऱ्याला गप्प बसविता कामा नये, हे तत्त्व या एका उदाहरणावरून समजते. म्हणूनच अशा ठिकाणी नाकावर विसंबून न राहता वायुशोधक यंत्रे बसविलेली असतात.

वाचक विचारतील की, यंत्र व ते चालविणारा संगणक सुरू करण्यापूर्वीच नीट तपासून घेतले तर पुढे पहाऱ्याची गरज काय? एक साधा हिशेब करून पाहू. एखाद्या विभागात तीस झडपा असून प्रत्येक झडप उघडी किंवा बंद असू शकते, असे धरले तर त्यांच्या एकूण स्थिती १०७ कोटींहून अधिक होतात. दर सेकंदास एक स्थिती तपासली तरी ३४ वर्षे लागतील; आणि यात दाब, तापमान किंवा झडपा हलण्याचा क्रम धरलेलाच नाही. चाचणी आवश्यकच आहे, परंतु ती संपत नाही. यास्तव यंत्र चालू असतानाच त्याचे वर्तन लिखित नियमाशी ताडून पाहणारी दुसरी, स्वतंत्र व्यवस्था जोडण्यात येते. 'झडप उघडल्याची खूण आल्याखेरीज कॉम्प्रेसर सुरू होऊ नये' हा असा एक नियम होय. पहारेकरी यंत्रणा घडणारी प्रत्येक घटना टिपते, नियम मोडला गेल्याचे दिसताच इशारा देते किंवा यंत्र सुरक्षित रीतीने थांबविते.

नियमात काळाचा संबंध आला की भाषा काटेकोर करावी लागते. आधी, नंतर, जोपर्यंत, केव्हातरी या शब्दांना गणिती अर्थ देणारे तर्कशास्त्र संगणकाच्या आज्ञावलींना लावण्याचा मार्ग इस्रायलचे शास्त्रज्ञ अमीर पनुएली यांनी १९७७ साली दाखविला. त्यातून एक मौजेची गोष्ट स्पष्ट होते. 'दाब वाढल्यास झडप केव्हातरी बंद व्हावी' एवढेच लिहिले, तर हा नियम मोडला असे पहारेकऱ्यास कधीही म्हणता येणार नाही; कारण झडप उद्या बंद होईल, परवा होईल, अशी आशा कायम उरतेच. 'दहा सेकंदांच्या आत' असे लिहिले, तर अकराव्या सेकंदास निकाल देता येतो. आम्हा कार्यालयीन मंडळींच्या आवडत्या 'यथावकाश उचित कार्यवाही करावी' या शेऱ्याचे तरी काय होते? तो शेरा पाळला गेला नाही, असे सिद्ध करणे कोणासही शक्य नसते.

आता पहारेकरीच निद्रिस्त झाला तर? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडात वीज गेली आणि सुमारे पाच कोटी लोक अंधारात राहिले. त्या दुपारी ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे देणारी संगणकप्रणाली आज्ञावलीतील दोषामुळे बंद पडली होती. इशारा येत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे तेथील कर्मचारी समजून चालले. शांतता आणि कुशलता यांत फरक करता येईल अशी सोय यंत्रातच असावी लागते. कारखान्यांतील मापकयंत्रांत ही सोय फार पूर्वीपासून आहे. मापकाच्या तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर वीजप्रवाह वाहतो. सर्वांत कमी मापासही ४ ठेवलेले आहेत. प्रवाह शून्यावर आला तर माप शून्य नसून तार तुटली आहे, हे तत्काळ कळते. साधीच युक्ती, पण प्रस्तुत लेखकास ती फार शहाणपणाची वाटते.

उलट बाजूने, पहारेकरी विनाकारण ओरडू लागला तर कारखाना वारंवार बंद पडतो आणि कर्मचारी इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू लागतात. यावर तोडगा म्हणून महत्त्वाच्या जागी तीन मापके बसवून त्यांपैकी दोघांचे एकमत झाल्यासच यंत्र थांबविण्याची पद्धत आहे. वायू कारखान्यांप्रमाणे अणुवीज केंद्रांतही ती वापरली जाते.

लांब वाहिनीवरील पहाऱ्याचे स्वरूप थोडे वेगळे, बरेचसे जमाखर्चासारखे असते. एका टोकाने किती वायू शिरला, ठिकठिकाणी किती बाहेर काढला आणि दाब पाहता नळात किती शिल्लक असावा, यांचा मेळ संगणक सतत घालीत असतो. मेळ बसला नाही तर गळतीचा संशय येतो. मात्र बारीक गळती मापकांच्या चुकीच्या मर्यादेत लपून राहू शकते. आणि नळ आतून गंजत असेल तर फुटेपर्यंत हिशेब बिनचूक जुळतो. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम येथे वायुवाहिनी फुटून मोठी प्राणहानी झाली, तीमागे अशा अंतर्गत गंजाचे कारण होते. कशावर लक्ष ठेवावयाचे हे माणसानेच आधी ठरवावे लागते. न लिहिलेला नियम कोणतेही यंत्र तपासीत नाही.

येथे वाहिनीलगतच्या गावकऱ्यांचा संबंध येतो. स्वयंपाकघरातील गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. लांब पल्ल्याच्या वाहिनीतील वायूस बहुधा तो नसतो. जमिनीतून फूत्कारासारखा आवाज येणे, धूळ उडत राहणे, साचलेल्या पाण्यात बुडबुडे येणे, एका पट्ट्यातील गवत वा पीक अकारण करपणे ही गळतीची चिन्हे होत. ती दिसल्यास त्या जागी विडी-काडी पेटवू नये, मोटारपंप किंवा ट्रॅक्टर चालू करू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, दूर जावे. मग वाहिनीवरील फलकावर लिहिलेल्या क्रमांकावर कळवावे. वाहिनीच्या पट्ट्यात घर बांधणे, विहीर खोदणे किंवा झाड लावणे यांस १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी अधिनियमाने मनाई आहे. शिक्षकांनी फलकावरील क्रमांक मुलांच्या वहीत उतरवून घ्यावा, आणि ग्रामपंचायतीने तो कार्यालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवावा.