कॅरिबियनला निघालेल्या केळीवाल्यांनी आधी बूट पाहावेत

रावेर-यावल पट्ट्यातला शेतकरी कॅरिबियनला गेला तर नुसते समुद्रकिनारे पाहून परतणार नाही. सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट ही बेटं एके काळी केळीच्या निर्यातीवर जगली. जमेका आणि त्रिनिदादलाही बागा आहेत. पावलं तिकडे वळणारच. व्हिसाची चौकशी सगळे करतात, जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम असतो हेही कुणीतरी सांगतं. बुटांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून मी आग्रहानं सांगतो: शेतात वापरलेले बूट घरीच ठेवा, आणि येताना तिथली माती, पील किंवा कंद आणू नका.

यामागं कारण आहे. पनामा मर रोगाची बुरशी माती, पाणी आणि अवजारांतून पसरते, पीक नसलं तरी जमिनीत दशकानुदशकं टिकते, आणि एकदा लागण झाली की खात्रीचा इलाज नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच रोगानं ग्रोस मिशेल ही जात जागतिक व्यापारातून घालवली आणि तिची जागा कॅव्हेंडिशनं घेतली. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. कॅव्हेंडिशलाही मारणारा टीआर 4 हा प्रकार 2019 मध्ये कोलंबियात आणि 2023 मध्ये व्हेनेझुएलात आढळला. व्हेनेझुएला म्हणजे त्रिनिदादच्या समोरचाच किनारा.

‘आमच्या बागेत रोग नाही, मग आम्ही काय नेणार?’ असं कुणी म्हणेल. पण टीआर 4 बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे, आणि पानं कडेनं पिवळी पडून चिरलेल्या खोडात तांबूस रेघा दिसेपर्यंत बुरशीनं मुळांत घर केलेलं असतं. ‘विमानतळावर तपासतील की!’ हाही भरवसा अपुरा आहे. त्रिनिदादहून भारतात येणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. माणसासाठी एवढा बंदोबस्त, पण बुटाच्या तळाच्या खाचेत वाळून बसलेली काळी माती सहज नजरेतून सुटते. फिनाइल शिंपडून भागत नाही, कारण मातीच्या थराखाली औषध नीट पोचत नाही. आधी ब्रशनं सगळी माती काढावी लागते. त्यापेक्षा वेगळे बूट नेणं सोपं. तिथल्या बागेत त्यांनी दिलेले गमबूट घालावेत, आणि शेतीबद्दल अधिकाऱ्यांनी विचारलं तर खरं सांगावं.

‘एकच पील आणलं तर काय बिघडतं?’ हा प्रश्न सर्वांत घातक. मोको हा जिवाणूजन्य मर रोग त्रिनिदादमध्ये शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे, आणि लागण झालेला कंद वरून निरोगी दिसू शकतो. परवान्याशिवाय असं रोप किंवा माती भारतात आणणं कायद्यानंही गुन्हा आहे. हरण्या रोगानं उभी रोपं उपटावी लागलेल्या रावेरला वेगळं सांगायला नको: इथं शेजारीशेजारी एकाच जातीची बाग आहे, आणि एकाची चूक साऱ्या शिवाराला भोवते.