पोटाचे संधिसाधू संसर्ग : गोठा, पाणी आणि क्षीण रोगप्रतिकारशक्ती

निरोगी माणसास एक-दोन आठवड्यांची हगवण देऊन नाहीसा होणारा सूक्ष्मजीव रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीच्या आतड्यात महिनोन्महिने ठाण मांडू शकतो. अशा संसर्गास ‘संधिसाधू संसर्ग’ म्हणतात. एचआयव्हीबाधित, केमोथेरपी घेणारे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना त्याचा विशेष धोका असतो.

वाराणसीतील अभ्यास
वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी एचआयव्हीबाधितांमधील सीडी-४ पेशींची संख्या आणि आतड्यातील एकपेशीय परजीवी यांचा संबंध निरनिराळ्या ऋतूंत तपासला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सीडी-४ या प्रतिकारशक्तीचे नियमन करणाऱ्या पांढऱ्या पेशी होत. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्यास संधिसाधू संसर्गांचा धोका बराच वाढतो.

रोगकारक व निदान
क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा हे यांतील प्रमुख परजीवी होत. शेवटच्या दोहोंवर को-ट्रायमोक्साझोल उपयुक्त ठरते. क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र एचआयव्हीबाधितांत खात्रीचे औषध नाही. एआरटी उपचाराने प्रतिकारशक्ती सावरणे हाच मुख्य उपाय. नेहमीच्या शौचतपासणीत हे परजीवी निसटतात, म्हणून विशेष रंजनपद्धतीने तपासणी करावी लागते.

शेतीशी संबंध
क्रिप्टोस्पोरिडियमची एक जात एक ते तीन आठवड्यांच्या वासरांत हगवण निर्माण करते. बाधित वासराच्या शेणातून परजीवीच्या असंख्य कोशिका बाहेर पडतात व हात, भांडी किंवा पाणी यांमार्फत माणसापर्यंत पोहोचतात. या कोशिकांचे कवच टणक असल्याने नेहमीच्या मात्रेतील टीसीएल त्यांना मारू शकत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये नळाच्या पाण्यातून पसरलेल्या याच परजीवीने सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते. टीसीएल इतर रोगजंतूंसाठी आवश्यकच आहे. तथापि या परजीवीसाठी पाणी उकळणे हाच घरगुती खात्रीचा मार्ग होय.

प्रतिबंधक उपाय
• पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते किमान एक मिनिट उकळू द्यावे व झाकून ठेवावे.
• हगवण लागलेले वासरू वेगळे बांधावे. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तीने त्याची निगा व शेणकाम टाळावे.
• गोठ्यातील कामानंतर साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझर या परजीवीवर परिणामकारक नाही.
• गोठ्याचे सांडपाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये. भाजीपाल्यास ताजे शेण न घालता पूर्ण कुजलेले खत द्यावे.
• दूध उकळूनच प्यावे. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी कच्च्या पालेभाज्या टाळाव्यात.
• हगवण लागताच जलसंजीवनी सुरू करावी. ती दोन आठवड्यांहून अधिक लांबल्यास किंवा वजन घटत असल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी
गावात कोणाची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, याची चौकशी करण्याचे कारण नाही. आजार उघड होण्याच्या भीतीने रुग्ण उपचारांपासून दूर राहतात. त्यामुळे हा सल्ला पशुपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात सर्वांना सारखाच द्यावा. ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत तो नाव न विचारताही पोहोचेल.