ऑगस्टमधलं बाळंतपण आणि घाटाचा रस्ता

प्रश्न : मी महाबळेश्वरला राहते. दुसरा महिना चालू आहे, तारीख ऑगस्टअखेरची दिली आहे. पहिलंच बाळंतपण. डॉक्टर इथलेच बघू, वाईचे की साताऱ्याचे?

उत्तर : तुमच्या बाबतीत डॉक्टरांच्या आधी पावसाचा विचार करावा लागेल. ऑगस्टमध्ये धुकं आणि दरडी असताना पसरणीचा किंवा केळघरचा घाट कळा सुरू झाल्यावर उतरणं मला मान्य नाही. दर महिन्याची तपासणी खुशाल महाबळेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात करा. नोंदणी बारा आठवड्यांच्या आतच उरका. बाळंतपणाचं ठिकाण मात्र घाटाखाली ठरवा आणि तिथल्या डॉक्टरांना पाचव्या महिन्यापासून अधूनमधून दाखवत राहा.

तिथे गेल्यावर बिनधास्त विचारा : रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्त कुठून आणता? बाळाला त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ आहेत का? गुळमुळीत उत्तरं मिळाली तर दवाखाना कितीही चकचकीत असो, दुसरा बघा. डॉक्टर बाई हव्यात की पुरुष चालतील, हे तुम्हीच ठरवा, सासूबाईंनी नव्हे.

रक्तदाब, मधुमेह किंवा जुळं निघालं, तर थेट साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात सिझेरियनसुद्धा मोफत होतं.

सदतिसाव्या आठवड्यातच खाली मुक्कामाला या. माहेर घाटाखाली असेल तर पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत इथे कामी येईल. त्याआधीच पोटात दुखलं, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर वाट न पाहता १०८ लावा.