धातुशोधक यंत्र : जुनें व नवें

जमिनींतील नाणें हुडकण्यास जुनें धातुशोधक यंत्र बरें कीं नवें, असें विद्यार्थी आम्हांस विचारितात. तत्त्व दोहोंचें एकच. वेटोळ्यांतून बदलती वीज खेळविली कीं जवळच्या धातूंत प्रवाह उठतात. यंत्र त्यांची चाहूल देतें. अगदीं जुन्या यंत्रास खिळा व रुपया बहुधा सारखेच. यवतमाळच्या काळ्या जमिनींतील लोहकणांनींही तें फसतें. चांगलें नवें यंत्र एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या वापरून मातीचा परिणाम वजा करितें व धातूची जात अजमावितें. तरीही तो अंदाजच होय.

परंतु नाणें कशाच्या सोबतीस व कोणत्या थरांत होतें, हें कोणतेंही यंत्र सांगत नाहीं. 1939 सालीं शेजारच्या, आजच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळा येथें सुमारें 1600 सातवाहन नाणीं एकत्र मिळालीं. त्यांवरून पुराणांत न आढळणाऱ्या राजांचीं नांवें उजेडांत आलीं. तो साठा फुटून विकला गेला असता, तर हें ज्ञान हरपलें असतें.

1878 च्या निखात निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. म्हणून बालमित्रहो, यंत्र कोणतेंही असो, ठेवा दिसतांच कुदळ थांबवावी, हेंच आमचें सांगणें.