जुन्या घराची किंमत : मोजपट्टी, ओळंबा आणि त्रैराशिक

जुने घर विकत घ्यावयाचे ठरले की घरातील मोठी माणसे ते दोनदा पाहून येतात आणि म्हणतात, "थोडी डागडुजी केली की झाले!" ही 'थोडी डागडुजी' म्हणजे नेमके किती रुपये? तो आकडा ठाऊक नसताना सौदा केला, तर आयुष्यभराची शिल्लक आणि वर काढलेले कर्ज, दोन्ही पणाला लागतात. हा आकडा काढण्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान व गणित तुम्ही शाळेत शिकता. ते कसे वापरावयाचे, हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

समजा, घर विटांचे व कौलारू आहे. लांबी १० मीटर, रुंदी ६ मीटर. मागील बाजूस नंतर बांधलेले ४ मीटर × ३ मीटरचे स्वयंपाकघर असून त्यावर आर. सी. सी. स्लॅब आहे. मालक २८ लाख रुपये मागत आहेत. त्याच आळीतील तेवढेच, पण उत्तम स्थितीतील घर नुकतेच ३० लाखांना गेले आहे.

लक्षण आणि कारण

प्रथम भिंती पाहा. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि पांढरी भुकटी दिसत आहे. यालाच 'लोणा लागणे' म्हणतात. विटेतील सूक्ष्म छिद्रे बारीक नळ्यांसारखे काम करतात. त्यांतून जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढते. पृष्ठभागावर येताच पाण्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. या क्षारांचे स्फटिक वाढू लागले की ते गिलाव्याला आतून ढकलतात. अशा भिंतीवर नवा रंग दिला, तर काही महिन्यांत तोही सुटतो. म्हणून आधी कारण शोधावे. बाहेरचा रस्ता भराव घालून जोत्याच्या वर आला आहे काय? पन्हळ फुटली आहे काय? नळ गळतो काय? असे असेल तर उपाय स्वस्त आहे. पण जोत्यात ओल अडविणारा थरच नसेल, तर खर्च मोठा.

आता स्लॅब. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कधर्मी गुण असतो आणि त्यामुळे आतील लोखंडी सळया गंजत नाहीत. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून हा गुण नाहीसा करतो. मग ओलावा व ऑक्सिजन मिळताच सळया गंजतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून काँक्रीट फुटून खाली पडते. तुमच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीन येथे उपयोगी पडते. काँक्रीटच्या नुकत्याच फोडलेल्या पृष्ठभागावर ते टाकले असता गुलाबी रंग आला, तर अल्कधर्म शिल्लक आहे. रंग आला नाही, तर सळयांचे संरक्षण संपले आहे.

भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहावी. काही आठवड्यांनी पट्टी तडकली, तर तडा अजून वाढत आहे. अशा वेळी अभियंत्याला दाखविल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नये. भिंत कलली आहे का, हे ओळंबा सांगतो. लाकडी खांब व वासे लाकडाच्या मुठीने ठोकून पाहावेत. खणखणीत आवाज आला तर उत्तम. बद्द आवाज आला तर वाळवीची शंका घ्यावी.

परिमाण × दर

दर दरवर्षी बदलतात, गावोगाव निराळे असतात. पण परिमाण तुम्ही स्वतः मोजू शकता, म्हणून ते आधी काढा.

छपराच्या कडा चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर आहेत. म्हणजे जमिनीवरील सावली ११ × ७ = ७७ चौ. मी. पण कौले उतारावर असतात. उतार ३०° असेल तर ७७ ला कोज्या ३०° ने, म्हणजे ०.८६६ ने, भागावे. उत्तर सुमारे ८९ चौ. मी. एका चौ. मीटरला सुमारे १५ मंगलोरी कौले, म्हणजे एकूण १,३३५. सर्व मोजणे शक्य नसेल, तर निरनिराळ्या ठिकाणची मिळून १०० कौले पाहावीत. त्यांत २० फुटकी निघाली तर एकूण सुमारे २६७. चढउतारात फुटणारी धरून ३०० घ्यावीत.

ओल १ मीटर चढली असेल, तर गिलावा तिच्या वर आणखी अर्धा मीटर काढावा लागतो. भिंतींचा घेर ३२ मीटर. म्हणून ३२ × १.५ = ४८ चौ. मी. गवंडी दर ब्रासमध्ये सांगेल. गिलाव्यासाठी एक ब्रास म्हणजे १०० चौ. फूट, सुमारे ९.२९ चौ. मी. (वाळू-खडीसाठी मात्र १०० घनफूट!)

पुढील दर केवळ हिशेबापुरते धरले आहेत. खरे दर दोन-तीन कारागिरांकडून घ्यावेत आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून पाहावेत.

कौले : ३०० × ४० = १२,००० रु.
रिपा बदलून छपराची उस्तवार : ८९ × ९०० = ८०,१०० रु.
भिंतींत ओल अडविणारा उपाय : ३२ मी. × २,५०० = ८०,००० रु.
गिलावा : ४८ × ७०० = ३३,६०० रु.
स्लॅबची दुरुस्ती : १२ × ४,००० = ४८,००० रु.
विजेची नवी तारजोडणी : ६०,००० रु.
बेरीज : ३,१३,७०० रु.

जुने घर उघडले की आत काहीतरी नवे निघतेच. त्यासाठी १५ टक्के, म्हणजे ४७,०५५ रु. धरू. काम चालू असताना तीन महिने दुसरीकडे राहण्याचे भाडे ३०,००० रु. एकूण ३,९०,७५५ रु.

३०,००,००० − ३,९०,७५५ = २६,०९,२४५ रु.

याहून अधिक दिल्यास दुरुस्त घरच घेणे बरे. आता चूक कोठे होते पाहा. कोणी केवळ रंगाचे ५०,००० रु. धरले, तर त्याची मर्यादा साडेएकोणतीस लाख येते आणि २८ लाखांत दीड लाख वाचल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ९१ हजार जास्त गेलेले असतात. रंगाने लक्षण झाकले जाते, कारण तसेच राहते.

बोलणी करताना

"तुमचे घर खराब आहे" असे म्हटले की मालक दुखावतात, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या घरात त्यांचे आयुष्य गेलेले असते. त्याऐवजी हा कागद त्यांच्यापुढे ठेवावा. "काका, हे माप चुकले असेल तर सांगा," असे म्हणता येते. मात्र त्या यादीत आपली हौस घालू नये. गळके छप्पर ही दुरुस्ती. नव्या नमुन्याच्या फरश्या ही हौस. हौसेचा खर्च मालकाकडून मागणे न्याय्य नाही.

करून पाहा

१. कोरडी वीट २ सेंटिमीटर पाण्यात उभी ठेवा. दर तासाला ओल किती चढली ते लिहून आलेख काढा. दुसरी वीट मिठाच्या पाण्यात ठेवून काही आठवडे निरीक्षण करा.
२. छपराचा उतार ४५° असता तर किती कौले लागली असती?
३. शिक्षकांसह शाळेच्या एका खोलीचे दुरुस्ती-अंदाजपत्रक तयार करा. छपरावर चढू नका, विजेच्या तारांना हात लावू नका आणि स्लॅब स्वतः ठोकू नका.