रानातील अळंबी : एक ऋतुपाठ
(सामान्य विज्ञान व आरोग्य)

मृगाच्या सरी पडून गेल्या की माळावर, उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यांवर आणि वारुळांवर भूछत्रे रातोरात उगवतात. कोकणात व गोव्यात वारुळावरील अळंबी आवडीने खाल्ली जाते. तीबरोबर एखादे विषारी छत्र टोपलीत आले, तर सारे घर संकटात सापडते. म्हणून हा पाठ पावसाळ्याच्या आरंभीच घ्यावा.

उद्दिष्ट : विषारी अळंबी ओळखण्याची कोणतीही घरगुती कसोटी विश्वसनीय नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

विषयविवेचन : भूछत्र ही बुरशी होय. तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करीत नाही. कुजणाऱ्या पदार्थांवर किंवा इतर सजीवांच्या आधारे वाढते. जमिनीवर दिसते ते केवळ तिचे फळ. खाद्य व विषारी जातींची फळे पुष्कळदा इतकी सारखी दिसतात की जाणत्या माणसाचीही फसगत होते.

प्रचलित समजुती : शिक्षकांनी त्या मुलांकडूनच वदवून घ्याव्यात व एकेकीचा विचार करावा.

१. ‘विषाने चांदीचे नाणे काळे पडते.’ चांदी गंधकामुळे काळवंडते, अंड्यानेही काळवंडते. विषाशी याचा संबंध नाही.
२. ‘किड्यांनी खाल्लेली अळंबी निर्धोक असते.’ किड्याला जे पचते, ते माणसाला मारक ठरू शकते.
३. ‘विषारी छत्र भडक रंगाचे असते.’ अमानिटा प्रजातीतील काही अतिविषारी छत्रे शुभ्र किंवा फिकट असतात.
४. ‘शिजविल्याने विष जाते.’ या छत्रांतील विष शिजवून वा वाळवूनही नष्ट होत नाही.

विषबाधेचा क्रम : हा भाग फळ्यावर लिहावा. काही छत्रांनी दोन-तीन तासांतच उलट्या होतात. अतिविषारी अमानिटाची लक्षणे मात्र बहुधा सहा ते बारा तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर विष शरीरात भिनलेले असते. नंतर उलट्या-जुलाब थांबून रोग्याला दिवसभर बरे वाटते. हा आराम फसवा असतो. याच काळात यकृताचा नाश चालू असून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ होते व प्राणावर बेतते. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्व भागात रानातील अळंबी खाऊन तेरा माणसे दगावली. त्यांत बहुतेक चहामळ्यांच्या वस्तीतील होती.

उपाय : शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, त्या जेवणातील सर्वांना रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवावी. घरगुती औषधांत वेळ दवडू नये. उलट्या थांबल्या म्हणून रोग्याला घरी आणू नये.

शिक्षकांस सूचना : ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अळंबी वेचली जाते, त्या मुलांचा उपहास होऊ देऊ नये. वडीलधाऱ्यांचे ज्ञान ठराविक जागेच्या व ठराविक जातीच्या अनुभवाचे असते, ते मुलांच्या हाती आपोआप येत नाही, हे समजावून द्यावे. मुलांनी अळंबी स्वतः वेचून खाऊ नये, एवढा नियम वर्गाने एकमुखाने स्वीकारावा. वर्गात दाखविण्यासाठी बाजारातील लागवडीचीच अळंबी आणावी.

स्वाध्याय :
१. चांदीच्या नाण्याची कसोटी का टिकत नाही?
२. रोग्याला बरे वाटू लागले तरी धोका का टळत नाही?
३. आजचा पाठ घरी सांगून, घरात कोणत्या कसोट्या प्रचलित आहेत ते वहीत लिहून आणा.